मोजलं की आटतं

खडकवाडीला माझी बदली झाली ती शिक्षा म्हणून. कराडच्या शाळेत तपासणीला आलेल्या एका साहेबांनी सातवीच्या मुलींसमोर म्हटलं होतं, "पोरींना बाजारापुरतं गणित आलं म्हणजे झालं. अपूर्णांक काय चुलीत घालायचेत?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आत्ता फळ्यावर केलेला गुणाकार चुकलाय. या पोरींकडून सोडवून घेऊ का?" वर्ग खदखदून हसला आणि दोन महिन्यांत मी माण तालुक्यात होते. आमची आई म्हणायची, मालतीची जीभ म्हणजे आपल्या शेट्यांच्या दुकानातली मिरची. गिऱ्हाईक घेत नाही, पण ठसका सगळ्या पेठेला.

हे सांगते ते माझा स्वभाव कळावा म्हणून. पुढं जे झालं त्यात दुष्काळाचा वाटा आहे, गावाचा आहे, पण माझ्या खुमखुमीचा वाटा त्याहून जास्त आहे. तो मी कुणावर ढकलणार नाही.

साल त्र्याहत्तर. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. गावातले बाप्ये मुंबईला गोदीत नाहीतर पलटणीत, बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरोघरी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी. शाळा सातवीपर्यंत होती. दुसरे मास्तर दहिवडीहून सायकलीनं येत आणि बहुतेक वेळा येत नसत. पाचवी ते सातवी मिळून पटावर सात मुली होत्या, आणि त्या सातही जणी रोज अकरा वाजता, शाळा अर्धी झाल्यावर, ओल्या परकरानं धापा टाकत यायच्या. गावात एकच विहीर पाणी धरून होती आणि घागरींची रांग उजाडायच्या आधीपासून लागायची. रांगेत उभं राहायचं काम पोरींचं आणि घरी उरलेल्या बायकांचं. मुलगे मात्र नऊच्या ठोक्याला वर्गात, कोरडेठाक.

मी चार दिवस चिडले, पाचव्या दिवशी शाळाच विहिरीवर नेली.

विहीर गावाबाहेर, बाभळींच्या खाली. जुनी, दगडी, सात परस, म्हणजे सात माणसांइतकी खोल. काठावर शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले होते, त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. त्यांच्या शेजारी एका पोत्यावर भामाबाई बसलेली असे. साठीची बाई, केस मोकळे आणि पिंजारलेले, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. येणारी प्रत्येक बाई तिच्या पायावर पाणी घालायची, पण तिच्याशी बोलताना मी कुणाला पाहिलं नाही. पहिल्या दिवशी मी पोरींना घेऊन गेले तेव्हा तिनं मान वर करून एकेकीला न्याहाळलं आणि म्हणाली, "सातीच्या साती आल्या व्हय गं." पोरी एकमेकींना चिकटल्या. मला ते गमतीचं वाटलं होतं.

मी एक कासरा घेतला, त्याच्या टोकाला दगड बांधला आणि हाताहातावर गाठी मारायला लावल्या. रोज सकाळी दोर सोडायचा, ओल्या गाठी मोजायच्या, वहीत मांडायच्या. सातही जणी एका सुरात मोजायच्या, "एक, दोन, तीन..." आणि विहिरीतून तो आवाज परत वर यायचा. रांगेतल्या बायका गप्प उभ्या राहून बघायच्या. मला वाटायचं, कौतुकानं बघतायत.

एक फेब्रुवारीला पाणी पंधरा हात होतं. दहा दिवसांत अडीच हात उतरलं. मी विहिरीच्या काठावरच त्रैराशिक घातलं: दहा दिवसांत अडीच हात, तर पंधरा हातांना किती दिवस? सहा जणींनी साठ काढले. म्हणजे पाडव्यापर्यंत पाणी पुरणार. सातवी गप्प बसली होती. ती बनू.

बनू सयाजीची थोरली. बाप पलटणीत, जम्मूकडे कुठंतरी. तेरा वर्षांची, बोलायला मंद, मोजायला चपळ. चालताना पावलं मोजायची, भाकरी थापताना थापा मोजायची. आल्या आल्या मी तिला एका गणितात शून्य दिलं होतं, कारण पाटीवर नुसतं उत्तर होतं. उत्तर बरोबर होतं. "उत्तर आंधळ्याच्या हातीही लागतं," मी म्हटलं होतं, "रीत दाखव. रीत नसेल तर मी देवाचंसुद्धा उत्तर मानणार नाही." ती रडली, पण त्यानंतर तिनं रीत कधी सोडली नाही. तिची धाकटी बहीण चंद्रा पाचवीत होती. ती थोरलीचा परकर धरून असायची आणि थोरली जे म्हणेल तेच म्हणायची.

"बनू, तुझं किती?" मी विचारलं.

"साठ न्हाई येनार, बाई. चाळीसच येत्यात."

"रीत?"

ती शाळेत धावत गेली आणि रॉकेलचं नरसाळं घेऊन आली. खालचं भोक अंगठ्यानं दाबून तिनं ते घागरीतल्या पाण्यानं भरलं आणि चंद्राला बाटलीचं बूच दिलं. "येकेक बूच काढ." वरच्या अंगाला दहा बुचं काढली तरी पाणी हललेलं दिसेना. खाली खाली एका बुचाला बोटभर उतरू लागलं. "हीर बी अशीच हाय," बनू म्हणाली. "गेल्या साली गाळ काढाय आईसंगं खाली उतरले हुते. वर कडंनं फिरलं तर चाळीस पावलं, तळाला बावीस. आन खालच्या वाडीची हीर आटली, आता ती मान्सं बी हितंच येनार. ती बी धरली मी." तिनं बोटानं मातीत सगळं मांडून दाखवलं. तेरा मार्च, मंगळवार.

 इतकी वर्षं शिकून डी.एड.ला जे मला कुणी सांगितलं नाही, ते या पोरीनं रॉकेलच्या नरसाळ्यात दाखवलं होतं. मी तिला तिथंच जवळ घेतलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी जूनमध्ये ही पोरगी आठवीला दहिवडीला जाणार, मुलींच्या वसतिगृहात राहणार, विज्ञान शिकणार. घरात चुलता कोंडीबा कर्ता होता आणि त्यानं सातवीनंतर पोरीचं लगीन उरकायचं ठरवलं होतं. त्याला आणि गावाला या पोरीची किंमत कळायला हवी होती.

म्हणून मी शाळेच्या भिंतीवरचा सुविचाराचा फळा पुसला आणि रंगीत खडूनं लिहिलं: "कु. बनू सयाजी हिच्या गणिताप्रमाणे मंगळवार दिनांक १३ मार्च रोजी गावची विहीर कोरडी पडेल." तालुक्याला टँकरसाठी अर्ज केला, त्यातही तीच तारीख घातली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांना इतरांनी सांगितलं. मी कमरेवर हात ठेवून बघत होते. आपल्या पोरीचं नाव गाव वाचतंय, यात मला काय तो आनंद!

तेरा तारखेला सकाळी पहिली घागर सोडली ती खडकावर आपटली.

त्या आवाजानं रांग हलली नाही.  बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि सगळ्या बनूकडे वळून बघू लागल्या. बनू खूश होती. "बाई, आलं! बरुब्बर आलं!" ती टाळ्या वाजवत होती आणि तिच्या टाळ्यांशिवाय कसलाही आवाज नव्हता. भामाबाई पोत्यावरून उठून उभी राहिली होती. तिला उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

टँकर आठवड्यातून दोनदा येऊ लागला, तोही आमच्या अर्जामुळंच. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या उंबऱ्यावर हळदीकुंकू आणि चार हिरव्या बांगड्या ठेवलेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी बायका बनूला वाटेत गाठू लागल्या. "माजा मालक कवा यील गं मुंबैस्नं?" "म्हस कवा गाभन ऱ्हाईल?" बनू बिचारी खरं तेच सांगायची, "मोजल्याबिगर कसं सांगू? बाईंनी तशी रीत शिकीवलीया." झालं. चौथ्या दिवशी एक बाई नवऱ्याचा सदरा घेऊन आली आणि म्हणाली, मोज. दुसरीनं म्हशीचं दावं आणलं. मी हसले आणि सगळ्यांना हाकलून दिलं. वर्गात मात्र उरलेल्या पाच पोरी बनूच्या बाकावर बसेनात. एकटी चंद्रा तिला चिकटून बसायची.

त्याच संध्याकाळी नाथाजी पाणाड्या माझ्या खोलीवर आला. पंचक्रोशीत विहीर खणायची तर पाणी कुठं लागेल हे सांगणारा हा माणूस. वयानं सत्तावन्न-अठ्ठावन्न, अंगानं वाळका, बोलणं हळू. तो उंबऱ्याच्या बाहेरच बसला.

"बाई, पोरीला रीत शिकीवलीया म्हनं तुमी."

"हो, शिकवलीय की."

"कोरडी का वली?"

मला आधी कळलंच नाही.  मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोरडी रीत म्हणजे नारळाचा विधी, ओली म्हणजे रक्ताचा, बळीचा. माझी गणिताची रीत गावानं कुठल्या अर्थानं घेतली होती ते मला त्या क्षणी कळलं. मी भराभरा वही काढली, गाठी दाखवल्या, नरसाळ्याची गोष्ट सांगितली. तो मन लावून ऐकत होता. आणि खरं सांगते, त्याला सगळं समजलं. गावात समजलेला तो एकटाच.

"म्हंजी तुमी पानी मोजलं," तो म्हणाला.

"हो."

"रोज. सात पोरींनी. तोंडानं."

"अहो, त्यात काय झालं?"

"आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत, बाई. लेकरं मोजत न्हाईत. खळ्यावर पयलं माप टाकताना येक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. मोजलं की आटतं." त्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "माजं सोडा. मी पानी बघत हिंडलोय जलमभर, मला ठावं हाय खडक काय असतो त्यो. पन गावाला कोन सांगनार? फळ्यावर तुमी पोरीचं नाव घातलं. तारीख घातली. आता गाव म्हनतंय, जिनं नेलं तिनंच आनून द्यावं."

"म्हणजे काय करणार?"

"आसरांना सोडनार. अमुशेपातूर वाट बघतील, मग सोडतील."

मला वाटलं विहिरीत ढकलणार. माझा चेहरा बघून त्यानं मान हलवली. "तसं न्हाई. जित्तीच सोडत्यात. काठावर बसवायची. केस इंचरायचं न्हाईत, लगीन करायचं न्हाई, तिथनं हलायचं न्हाई. भामाबाई बगितली न्हवं तुमी? माजी थोरली भन ती. मी बारका हुतो तवा असाच दुकाळ पडल्याला. तिनं खेळता खेळता हिरीच्या पायऱ्या मोजल्या आन वराडली, आता चारच पायऱ्या पानी ऱ्हायलंय. चार दिसांत तळ दिसला." त्यानं पागोटं परत डोक्यावर ठेवलं. "तिला लय मोजायचा नाद हुता, बाई."

मी संतापले. पोलिसात जाईन, तहसीलदाराला सांगेन, काय वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "सांगा की. काय सांगशीला? पोरगी हिरीपाशी बसलीया. हितं रोज पन्नास बाया बसत्यात." मग उठता उठता म्हणाला, "येक गोष्ट हाय. रीत तुमी शिकीवली असं गाव मानतंय. मग ती कशी फेडायची ती बी तुमीच सांगा. तुमी म्हनशीला ते गाव ऐकंल." आणि त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिचा अर्थ लावता लावता मला रात्रभर झोप आली नाही.

मी सयाजीला पत्र टाकलं, पण जम्मूचं पत्र पोचायला आणि उत्तर यायला महिना. मी बनूच्या घरी गेले. तिची आई रंगूबाई चुलीपुढं बसली होती, मला बघून तिनं पदर तोंडात कोंबला. कोंडीबा ओसरीवर होता. त्याच्या तोंडावर भीती होती आणि एक प्रकारचा ताठाही होता, कारण आठ दिवसांत गाव त्याला आधी रामराम घालू लागलं होतं. "आमच्या हातात काय हाय, बाई?" तो म्हणाला. "आवं, आसरांनी बोलीवल्यावर न्हाई म्हनाय आमी कोन?" आत बनू चंद्राला पाढे शिकवत होती. मला बघून तिनं विचारलं, "बाई, टँकरच्या पान्याचं गनित घालायचं का उद्या?" त्या पोरीला अजून काहीच कळलं नव्हतं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

अमावास्येच्या सकाळी गाव विहिरीवर जमलं. कोंडीबानं बनूला आणलं होतं. तिला नवं हिरवं परकर-पोलकं नेसवलं होतं आणि वेणी सोडली होती. चंद्रा तिचा परकर धरून उभी. भामाबाई पोत्यावर. सुरुंगवाले कामगार खाली तळात उतरून खडकाला भोकं पाडत होते, कारण टंचाईच्या कामातून विहीर दोन परस खोल करायचं मंजूर झालं होतं. तो छिन्नीचा आवाज सारखा वर येत होता.

मी पुढं झाले. शेटे मास्तरणीची जीभ आजवर खरं बोलून नडली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला खोटं बोलायला लावलं.

"रीत मी शिकवलीय," मी मोठ्यानं म्हटलं, "तर फेडायची कशी ते मीच सांगते. आसरांनी मला सांगितलंय. सात आसरा, सात वर्षं. जिनं पाणी मोजलं तिनं सात वर्षं या विहिरीचं तोंड बघायचं नाही. गाव सोडायचं. दहिवडीला जाऊन विद्या घ्यायची. ती हितं बसली तर पाणी कायमचं जाईल."

मला वाटलं होतं, माझा आवाज कापेल. नाही कापला. बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. एका म्हातारीनं माझ्या पायाला हात लावला. कोंडीबानं "जशी मर्जी" म्हणून आसरांना हात जोडले. इतकं सोपं होतं ते! दोन महिने मी गणित, विज्ञान, पोरीचं डोकं, पोरीचं भविष्य असं घसा फोडून सांगत होते, तर कुणी कान दिला नव्हता. आणि या एका थापेला अख्खं गाव मान तुकवत होतं. मी मनात म्हटलं, जिंकले.

"बाई," बनू म्हणाली.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळाला आठी होती, गणित अडलं की पडायची तशी. तिला माझी अडचण करायची नव्हती. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"बाई, हे कसं काढलं? सातच वर्सं कशावरनं? रीत दाखवा की."

छिन्नीचा आवाज थांबला होता की मलाच ऐकू येईनासा झाला होता, ठाऊक नाही. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. नाथाजीनं मान खाली घातली होती.

"गप्प बस," मी म्हटलं. "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही."

ती गप्प बसली. आजवर प्रश्न विचारला म्हणून मी एकाही पोरीला गप्प केलं नव्हतं. त्यासाठीच तर मी कराडहून हाकलली गेले होते. बनूच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि चेहरा कोरा झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग नाथाजी बोलला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ठीक हाय. सात वर्सं ही लांब. पन तवर हितं तिच्या जागी कोन?"

"कोण म्हणजे?"

"जागा रिकामी ठिवता येत न्हाई, बाई. मी न्हाई म्हनत हे, गाव म्हननार हाय. आत्ता न्हाई म्हनलं तर सांच्याला म्हनंल." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "तुमीच म्हनला, आसरांनी सांगितलंय. मग रीत अर्धी ठिवून कसं भागंल? तिच्याच रक्ताचं कोनतरी लागंल."

सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. चंद्रा बनूच्या परकराआडून बघत होती. दहा वर्षांची पोर. तिला वाटलं तिला काहीतरी बक्षीस मिळणार आहे, कारण सगळेच तिच्याकडं बघत होते. ती हसली.

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की हे सगळं झूट आहे, मला कुणीही काही सांगितलेलं नाही, मी थाप मारली. एवढं एकच वाक्य. पण ते म्हटलं की बनू परत पोत्यावर. आणि थाप मारणाऱ्या मास्तरणीचं यापुढं कोण ऐकणार? दोघींपैकी एकीला तरी वाचवावी, असं मी मनाला सांगितलं. फौजदार, सयाजीचं पत्र, काहीतरी नंतर बघू, असं सांगितलं. रंगूबाई जागच्या जागी खाली बसली. मी तोंड मिटलं.

भामाबाईनं पोतं थोडं सरकवून शेजारी जागा केली.

आठवड्याभरात सुरुंगानं तळाचा खडक फुटला आणि झरा लागला. दोन परस खणल्यावर लागणारच होता, नाथाजीनंही ते आधी म्हटलं होतं. पण आता कोण ऐकणार? पाणी कमरेइतकं चढलं त्या दिवशी गावानं चंद्राला दंडापर्यंत बांगड्या भरल्या. मी तालुक्याला जाऊन तक्रार दिली. एक हवालदार आला, त्यानं चंद्राला विचारलं, "तुला कुणी जबरदस्तीनं बसवलंय का?" चंद्रानं भामाबाईकडं पाहिलं आणि "न्हाई" म्हणाली. हवालदार पाणी पिऊन गेला. सयाजीचं उत्तर एप्रिलच्या शेवटी आलं; माझ्या पत्रामागोमाग त्याला कोंडीबाचंही पत्र गेलं होतं. त्यात लिहिलं होतं, गावाचं भलं झालं हे वाचून आनंद वाटला, बनूला शिकवा, सुट्टी मिळाली की येतो.

जूनमध्ये मी बनूला न्यायला गेले. ती पिशवी घेऊन तयार होती. एसटीच्या वाटेवर विहीर लागते. तिथं ती थांबली. तिनं विहिरीचं तोंड बघायचं नाही असं मीच सांगितलेलं, म्हणून बायकांनी लगबगीनं तिच्या तोंडावर पदर धरला. पदराच्या आडून तिनं हाक मारली, "चंद्रे, सत्तावीसचा पाढा म्हन." काठावरून काही उत्तर आलं नाही. बनू तिथंच मटकन बसली. म्हणाली, मी जात न्हाई. मी तिचं मनगट धरलं आणि ओढत, हो, ओढतच, तिला गाडीपर्यंत नेली. मुलीला शाळेत घालायला असं ओढत न्यावं लागेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दहिवडीपर्यंत ती बोलली नाही. मीच बडबडत होते. इथं प्रयोगशाळा आहे, भिंग आहे, खरा तराजू आहे, सुट्टीत मी तुला कराडला नेईन, चंद्राचंही आपण काहीतरी करू. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

वसतिगृहाच्या मेट्रनबाई हौशी होत्या. माझं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. "हीच का ती नरसाळंवाली?" असं म्हणत त्यांनी बनूला खुर्चीवर बसवलं आणि हसत हसत तोंडी गणित घातलं. हौद एका नळानं सहा तासांत भरतो, दुसऱ्यानं तीन तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ?

"दोन तास," बनू म्हणाली. श्वास घ्यायच्या आत.

"अगं बाई! शाब्बास!" मेट्रनबाईंनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "कसं काढलंस गं?"

बनूनं मान वळवली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आसरांनी सांगितलं."

मेट्रनबाईंना ती थट्टाच वाटली, त्या खूप हसल्या. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. अर्जावर पालकाच्या जागी सही केली, तिची पिशवी पलंगाखाली सरकवली, आणि साडेतीनच्या एसटीनं खडकवाडीला परतले.